दारूकोठार: मडके, माच आणि हवालदाराची मुद्रा

१/१८
सिंहगडाचे दरवाजे ओलांडून वर आले की एक जुनी दगडी इमारत दिसते. तिचे नाव 'दारूकोठार' आहे असे कळताच सहलीला आलेली मंडळी हमखास हसतात. दोनचार विनोद होतात, छायाचित्रे निघतात आणि पावले पिठलं-भाकरीकडे वळतात. मुंबईत रे रोडजवळच्या 'दारूखाना' या वस्तीच्या नावावरही असाच विनोद होतो. या दोन्ही नावांतली दारू तोफांची आणि बंदुकांची आहे. ती कशी, कुठे आणि कशात ठेवायची, हा प्रश्न एकेकाळी राज्याच्या जीवनमरणाचा होता. महाराष्ट्रात तो आजही सुटलेला नाही. हा धागा त्या प्रश्नाविषयी.

२/१८
किल्ल्यांच्या इतिहासात तटबंदी, बुरूज, वेढे आणि पराक्रम यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. कोठारांविषयी फारसे कुणी लिहीत नाही. वास्तविक गडाचे सामर्थ्य धान्य, पाणी आणि दारूगोळा या तीन साठ्यांवर उभे असे. धान्य कुजले तर गड उपाशी पडे आणि पाणी आटले तर गड सोडावा लागे. दारूच्या बाबतीत मात्र संकट दुहेरी होते. ती सर्दावली तर गड निःशस्त्र होई, आणि पेटली तर गडकऱ्यांचाच घात करी. ज्या साठ्यावर शत्रूला रोखण्याची भिस्त, तोच गडावरचा सर्वांत मोठा धोका होता.

३/१८
या दुहेरी संकटाचे मूळ दारूच्या घडणीत आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यात सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असतो. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यातले इतर क्षार हवेतला ओलावा शोषून घेतात. मग दारूचे गोळे बनतात, घटक एकमेकांपासून सुटू लागतात आणि ऐन वेळी ती फुसकी निघते. उलट कोरडी दारू एका ठिणगीने पेट घेते. ही ठिणगी लोखंडावर लोखंड घासल्याने पडू शकते, चिलमीतून उडू शकते किंवा आभाळातूनही येऊ शकते. ज्या सह्याद्रीत चार महिने ढग गडावरच मुक्कामाला असतात, तिथे दारू कोरडी ठेवणे हेच मोठे कसब होते.

४/१८
हे कसब शब्दांत बांधलेले सापडते ते रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त. इ.स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. शिवछत्रपतींच्या काळापासून पुढच्या अनेक कारकिर्दी पाहिलेल्या कारभाऱ्याचा अनुभव त्यात उतरला आहे. त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण आज भाषणांतून आणि समाजमाध्यमांतून वारंवार उद्धृत होते. उद्धृत होतात ती बहुधा दुर्गांची थोरवी सांगणारी वाक्ये. त्याच प्रकरणात दारूखान्याविषयी जो छोटा परिच्छेद आहे, त्याकडे फारसे कुणी वळत नाही. कारण त्यात गौरव नाही, केवळ कामाची जंत्री आहे.

५/१८
त्या जंत्रीचा आशय असा. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, आणि घरांच्या वाऱ्याखालीही नसावा. सदरेपासून बेताच्या अंतरावर जागा पाहून भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण करावे. आत तळघर करून त्याला चुनेगच्ची करावी. तळघरात लाकडी माच घालून त्यावर दारूचे बस्ते आणि मडकी ठेवावीत. बाण आणि होके, म्हणजे हाताने फेकायचे दारूभरले गोळे, वेगळ्या मधल्या घरात ठेवावेत. काहीही सर्दू देऊ नये. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सारे बाहेर काढवावे, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कुणाला जवळ येऊ देऊ नये.

६/१८
यातील एकेक शब्द तपासण्यासारखा आहे. 'घरांजवळ नसावा' एवढे सांगून ग्रंथकार थांबत नाही. 'वाऱ्याखाली नसावा' असेही बजावतो. घरात चूल असते, चुलीत निखारा असतो आणि वारा ठिणगी वाहून नेतो. केवळ पावलांनी मोजलेले अंतर त्यामुळे अपुरे ठरते, वाऱ्याची दिशाही पाहावी लागते. भोवतालच्या कुंपणासाठी हिरवे, दाट झुडूप सुचवले आहे. ते माणसांना आणि गुरांना अडवते. वाळल्या काट्यांचे कुंपणही तेवढेच अडवील, पण ते स्वतःच पेट घेईल.

७/१८
आता भांड्यांकडे. मडके हे साधे भांडे वाटते, पण दारूसाठी त्यात दोन गुण आहेत. मातीवर माती आपटली तर ठिणगी पडत नाही. आणि आतली दारू पेटलीच तर मडके चटकन फुटते. हा दुसरा गुण फार महत्त्वाचा. दारू उघड्यावर भसकन जळते. भक्कम भांड्यात कोंडली की तीच स्फोट घडवते. म्हणून मोकळी दारू साठवायचे भांडे ओलावा अडवील इतके घट्ट हवे, पण आतला दाब कोंडून धरील इतके बळकट नको. जाड पोलादी नळी किंवा फिरकीच्या झाकणाचा मजबूत डबा या कामी घातकच. आधुनिक काळातही मोकळी दारू ज्या डब्यांत विकली जाते, ते थोड्या दाबाने उकलतील असेच बनवलेले असतात.

८/१८
मडक्याचा दोषही ग्रंथकाराला ठाऊक असावा. ज्या गुणामुळे माठातले पाणी गार होते, त्याच गुणामुळे कच्च्या मडक्यातून ओल आत झिरपते. म्हणून मडक्याखाली माच आणि माचाखाली गच्ची. जमिनीची ओल गच्चीने अडवावी, उरलेली माचाखालच्या खेळत्या हवेने सुकवावी. एका भांड्याने भागणार नाही, म्हणून भांड्याभोवती दुसरी, तिसरी व्यवस्था. आजच्या शस्त्रागारांत पेट्या भुईला आणि भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचतात. त्यामागचा विचार हाच.

९/१८
याच ग्रंथात साठवणीची दुसरी पायरीही आहे. तोफांजवळ ठेवायची दारू खलित्यात किंवा बुधल्यात असावी, आणि तीही लागेल तेवढी थोडीच. मोठा साठा तळघरात आणि हाताशी फक्त दोनचार बारांची बेगमी. बुरुजावर जळती जामगी घेऊन माणसे वावरतात. तिथे ठिणगी पडणारच हे गृहीत धरले आहे. ती पडली तर नुकसान एका बुधल्यापुरते राहावे, हा हेतू. पावसाळ्यात तोफांचे काने मेणाने बुजवावेत आणि तोफांना तेल-मेण द्यावे, हीही सूचना आहे. म्हणजे तोफेकडेही दारूचे भांडे म्हणूनच पाहिले आहे.

१०/१८
इथे एक सावधगिरी हवी. 'आज्ञापत्र' हा काय करावे हे सांगणारा ग्रंथ आहे. प्रत्येक गडावर तसे होत होते, असा पुरावा तो देत नाही. नियम लिहावा लागतो तोच मुळी तो मोडला जात असतो म्हणून. शिवाय ही दृष्टी केवळ मराठ्यांचीच होती असे म्हणणेही खरे नव्हे. युरोपातल्या कोठारांत दारूच्या पिंपांना लोखंडाऐवजी तांब्याच्या किंवा लाकडाच्या कड्या घालीत आणि आत जाणाऱ्याच्या जोड्याला खिळे चालत नसत. जगभर जिथे दारू साठली, तिथे माणसे याच निष्कर्षांपर्यंत पोहोचली. बहुतेक ठिकाणी ती स्फोटानंतर पोहोचली, एवढाच फरक.

११/१८
डेल्फ्ट या डच शहराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे एका जुन्या मठाच्या जागेत, भर वस्तीत, दारूचा प्रचंड साठा होता. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी तो उडाला आणि शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. चित्रकार कारेल फाब्रिटियस त्यात मृत्युमुखी पडला. त्यानंतर नवे कोठार शहराबाहेर, तोफेच्या पल्ल्याइतक्या अंतरावर बांधण्यात आले. वस्तीपासून अंतर राखण्याचा जो नियम अमात्यांनी एका वाक्यात लिहिला, तो डेल्फ्टने शेकडो जिवांची किंमत मोजून स्वीकारला.

१२/१८
आणि तो नियम लिहून झाल्यावरही सिंहगडावर काय घडले? ११ सप्टेंबर १७५१ रोजी गडाच्या दारूकोठारावर वीज पडली. त्या स्फोटात गडाच्या फडणिसाचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातली माणसे मरण पावली. विजेला कुणी अडवू शकत नव्हते; फ्रँकलिनचा विजेचा प्रसिद्ध प्रयोग पुढल्या वर्षीचा. पण फडणिसाचे घर स्फोटाच्या टापूत होते, हे माणसांच्या हातातले होते. वीज कोठारावर पडली हा दैवाचा भाग. तिने एक कुटुंब संपवले, याला अंतराचा हिशेब चुकल्याचे कारण आहे. म्हणून त्या इमारतीसमोर विनोद करणाऱ्याने क्षणभर थांबावे.

१३/१८
दुसरा नियम विभागणीचा. एका जातीचा माल दुसऱ्यात मिसळू नये; दारू तळघरात आणि बाण-होके मधल्या घरात. हा नियम मोडल्याची सर्वांत भयंकर किंमत मुंबईने मोजली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटके होती. त्याच जहाजावर कराचीहून हजारो गाठी कापूस चढवलेला होता. एकाच कप्प्यात खाली कापूस आणि वर स्फोटके, अशी रचना होती. कापूस आतल्या आत धुमसतो, लवकर विझत नाही आणि वरून पाणी मारले तरी गाठीच्या पोटात विस्तव जिवंत राहतो, हे गोदीतल्या साध्या हमालालाही माहीत असते.

१४/१८
दुपारी धूर दिसला. जहाज बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, याचा निर्णय होईना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक कर्मचारी त्यात होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. युद्धकाळी जहाजे अपुरी होती आणि माल तुंबला होता, असे समर्थन तेव्हाही झाले. ते खोटे नव्हते. पण तंगीच्या दिवसांत जे नियम आधी बाजूला सारले जातात, ते त्याच दिवसांसाठी केलेले असतात. शांततेच्या काळात, रिकाम्या गोदीत, कापूस आणि स्फोटके वेगळी ठेवायला कुणाचीच हरकत नसते.

१५/१८
तिसरा नियम वारंवार पाहण्याचा. तो सर्वांत कंटाळवाणा, म्हणून सर्वांत आधी विसरला जातो. काळी दारू जाऊन पितळी काडतुसे आली, रबरी पट्टीच्या झाकणाच्या पोलादी पेट्या आल्या. त्यामुळे एकदा बंद केले की झाले, अशी समजूत पसरली. पण हवाबंद पेटी बाहेरची ओल जशी आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. आषाढातल्या दमट हवेत भरून बंद केलेली पेटी आषाढच आत कोंडून ठेवते. पितळेवर हिरवट डाग चढतात, आतली दारू बिघडते, आणि बाहेरून पेटी मात्र नवी दिसते. म्हणून कोरड्या दिवशी भरणे, ओल शोषणारे द्रव्य आत ठेवणे, उष्णतेपासून जपणे, पेटीवर माल आणि तारीख लिहिणे, आणि ठरलेल्या मुदतीने उघडून पाहणे, याला पर्याय नाही.

१६/१८
३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात मध्यरात्रीनंतर आग लागून स्फोट झाला. दोन सैन्याधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मरण पावले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत असल्याचे कारण पुढे सरकारी पातळीवर सांगण्यात आले. म्हणजे भांडेच गळत होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी, पेट्या उतरवताना पुन्हा स्फोट झाला. मृतांमध्ये आसपासच्या गावांतील मजूर होते. दारूगोळ्याचे आयुष्य कोठारात संपत नाही. बाद झालेला मालही तितक्याच जोखमीचा असतो, आणि तो हाताळण्याचे काम बहुधा सर्वांत कमी मजुरीच्या माणसाकडे जाते.

१७/१८
या तिन्ही घटना एकत्र ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. साठवणीची चर्चा नेहमी भांड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पेटी कोणती, पत्रा किती जाड, झाकण कसे, एवढाच विचार होतो. भांडे चांगले हवेच. पण ते शेवटचे कवच आहे. सिंहगडावर अंतर चुकले, मुंबईत विभागणी चुकली, पुलगावात गळका माल वेळेत दूर झाला नाही. अंतर राखायला जागा सोडावी लागते, विभागणी करायला वेळ आणि वाहने लागतात, तपासणीला रोजचा पगारी माणूस लागतो. हा खर्च आधी दिसतो. त्यातून टळलेला अपघात मात्र कुणालाच दिसत नाही, म्हणून काटकसरीची कात्री आधी याच खर्चावर चालते.

१८/१८
अमात्यांच्या परिच्छेदातला सर्वांत मोलाचा शब्द म्हणूनच मुद्रा हा आहे. ऊन दिल्यावर हवालदाराने मुद्रा करावी, म्हणजे हा साठा अमुक दिवशी उघडला, पाहिला आणि ठीक आढळला, याची जबाबदारी एका माणसाने अंगावर घ्यावी. त्यासाठी हाताखालचा माणूस न पाठवता हवालदारानेच यायचे आहे. पंधरा दिवसांनी ती मुद्रा फोडून पुन्हा तेच करायचे आहे. त्यात शौर्य नाही, पोवाडा नाही. गडकिल्ल्यांवर आज हौसेने माहितीफलक लावले जातात. दारूकोठारासमोरच्या फलकावर या परिच्छेदाचा आशय आणि १७५१ ची ती घटना, एवढे दोन मजकूर जरी आले तरी पुष्कळ होईल. फलक वाचणाऱ्यांत उद्याचा एखादा गोदी अधिकारी असेल, एखादा भांडारप्रमुख असेल, फटाक्यांच्या गोदामाला परवाना देणारा एखादा कारकून असेल. कोठार स्वतः उघडून पाहिल्याखेरीज मुद्रा करू नये, एवढे त्याच्या ध्यानात राहिले तरी फलकाचा खर्च वसूल झाला.